सकाळच्या पहिल्या पावलाची कळ: प्लांटर फॅशिआयटिस ओळखावा कसा आणि बरा करावा कसा

सकाळी अंथरुणातून उठून पाऊल जमिनीवर टेकवताच टाचेखाली, विशेषतः आतल्या बाजूला, खिळा रुतावा तशी कळ येते. दहावीस पावले लंगडत टाकली की ती ओसरू लागते. आणि दिवसभर उभे राहिल्यानंतर किंवा बराच वेळ बसून उठताना ती पुन्हा जाणवते. टाचदुखीची तक्रार या क्रमाने सांगितली गेली, तर तिचे कारण बहुतेक वेळा प्लांटर फॅशिआयटिस हेच असते. हा आजार जिवावर बेतणारा नाही आणि बहुसंख्य लोकांमध्ये तो शस्त्रक्रियेशिवाय बरा होतो. मात्र त्याला आठवडे नव्हे, महिने लागतात. ही गोष्ट सुरुवातीलाच स्पष्टपणे सांगितली न गेल्यामुळे अनेक जण दर पंधरा दिवसांनी उपाय बदलत राहतात, आणि एकाही उपायाला पुरता वेळ मिळत नाही. म्हणून या लेखात उपायांइतकाच भर त्यांच्या क्रमावर, मात्रेवर आणि मुदतीवर दिला आहे.

तळपायात नेमके काय बिघडते

तळपायाची त्वचा आणि तिच्याखालचा चरबीचा थर यांच्या आत प्लांटर फॅशिया नावाचा एक जाड, चिवट, फारसा न ताणला जाणारा पट्टा असतो. टाचेच्या हाडाच्या खालच्या बाजूला, आतल्या अंगाला असलेल्या उंचवट्यापासून तो निघतो, पुढे पसरत जातो आणि पाचही बोटांच्या मुळाशी पोहोचतो. पावलाची कमान टिकवून धरण्यात त्याचा मोठा वाटा आहे. चालताना टाच उचलली जाते आणि बोटे वरच्या दिशेला वाकतात, तेव्हा रहाटावर दोर गुंडाळला जावा तसा हा पट्टा चवड्याच्या हाडांभोवती ओढला जातो. त्यामुळे कमान उंचावते आणि शरीराला पुढे ढकलण्यापुरते पाऊल ताठ होते. या यंत्रणेचे वर्णन हिक्स यांनी १९५४ मध्ये केले होते, आणि पुढे दिलेले दोन सर्वांत महत्त्वाचे व्यायाम याच यंत्रणेचा उपयोग करतात.

प्रत्येक पावलाला हा ताण पट्ट्याच्या टाचेकडच्या टोकावर एकवटतो. तिथल्या तंतूंना पेलवेल त्यापेक्षा अधिक भार दिवसेंदिवस पडत राहिला आणि दुरुस्तीला उसंत मिळाली नाही, की ऊती झिजते, जाड होते आणि दुखू लागते. नावातील ‘आयटिस’ या प्रत्ययाचा अर्थ दाह असा होतो. परंतु लेमाँट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये शस्त्रक्रियेतून मिळालेल्या ५० नमुन्यांची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांना दाहापेक्षा ऊतीच्या झिजेच्या खुणा आढळल्या. दाह कमी करणाऱ्या गोळ्यांनी चार दिवस बरे वाटते पण मूळ तक्रार हटत नाही, याचा उलगडा इथे होतो. झिजलेल्या ऊतीला पुन्हा भार पेलण्याजोगे करणे हे खरे काम आहे, आणि ते गोळी करू शकत नाही.

सकाळचीच कळ इतकी तीव्र का, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. झोपेत पाऊल खालच्या दिशेला सैल पडलेले असते, त्यामुळे फॅशिया आणि पोटरी दोन्ही रात्रभर आखडलेल्या स्थितीत राहतात. उठताक्षणी त्याच आखडलेल्या पट्ट्यावर शरीराचे सगळे वजन येते.

कोणाला होतो आणि हाड वाढल्याचे काय

हा त्रास चाळीस ते साठ या वयात अधिक दिसतो, तसाच धावणाऱ्या तरुणांमध्येही दिसतो. रिडल आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या अभ्यासात तीन गोष्टींचा संबंध ठळकपणे पुढे आला: घोट्यातून पाऊल वर वळण्याची क्षमता कमी असणे, बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या तुलनेत वजनाचे माप) ३० पेक्षा जास्त असणे, आणि कामाच्या दिवसातील बहुतेक वेळ पायांवर जाणे. यांत मी चौथी गोष्ट जोडेन, ती म्हणजे अचानक झालेला बदल. नवे काम, अनेक महिन्यांच्या खंडानंतर एकदम सुरू केलेले धावणे, कडक फरशीवर अनवाणी घालवलेले काही आठवडे, अल्पावधीत वाढलेले वजन, असा एखादा बदल दुखणे सुरू होण्याच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत बहुधा सापडतो. तो शोधून काढणे हा उपचाराचाच भाग आहे.

एक्स-रे काढल्यावर ‘टाचेचे हाड वाढले आहे’ असे ऐकून अनेक जण हादरतात. हाडाचा तो टोकदार भाग टाच न दुखणाऱ्या अनेक लोकांच्या एक्स-रेमध्येही दिसतो, आणि टाच दुखणाऱ्या अनेकांच्या एक्स-रेमध्ये दिसत नाही. शिवाय बऱ्याचदा तो फॅशियात नसून तिच्या वरच्या थरातील लहान स्नायूच्या उगमापाशी असतो. दुखणे पूर्ण थांबते तेव्हाही ते हाड जिथल्या तिथेच असते. त्यामुळे वाढलेले हाड हा रोग समजून ते ‘विरघळवण्याच्या’ उपायांमागे लागण्यात अर्थ नाही.

घरी करता येण्याजोगी तपासणी

खुर्चीवर बसून दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा आणि अंगठ्याने टाचेच्या खालच्या बाजूला, आतल्या अंगाला, जिथे टाच संपून कमान सुरू होते तिथे दाबावे. नेहमीची कळ नेमक्या त्याच बिंदूवर उमटली तर निदानाला बळ मिळते. त्यानंतर पायाचा अंगठा हाताने वर, नडगीच्या दिशेला ओढून पाहावे. याने टाचेतील दुखणे जागे झाले तर फॅशियाकडेच बोट जाते, मात्र ते जागे झाले नाही म्हणून फॅशिआयटिस नाही असे समजू नये. शेवटी भिंतीसमोर उभे राहून, टाच जमिनीवरून न उचलता, गुडघा भिंतीला टेकवून पाहावा आणि पाऊल हळूहळू मागे नेत जास्तीत जास्त किती अंतरावरून गुडघा भिंतीला लागतो ते दोन्ही पायांवर मोजावे. दुखऱ्या पायाचे अंतर स्पष्टपणे कमी असेल, तर पोटरी ताणण्याच्या व्यायामाकडे विशेष लक्ष द्यावे लागेल.

निदानासाठी बहुतेकांना एवढे पुरते. शंका असल्यास सोनोग्राफीमध्ये फॅशियाची जाडी मोजतात, आणि ती ४ मिलिमीटरपेक्षा अधिक असल्यास निदानाला पुष्टी मिळते.

ही लक्षणे असतील तर आधी डॉक्टरांकडे जावे

टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबल्यावर तीव्र वेदना होत असतील आणि चालत राहिल्यावर दुखणे ओसरण्याऐवजी वाढतच जात असेल, तर टाचेच्या हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. अशा वेळी पुढे दिलेले व्यायाम करू नयेत. तळपायात मुंग्या, बधिरपणा किंवा जळजळ असेल तर नस दबल्याचा संशय घ्यावा. तरुण वयात दोन्ही टाचा दुखत असतील आणि सोबत सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ कंबर आखडलेली राहत असेल, तर संधिवाताच्या काही प्रकारांची तपासणी आवश्यक ठरते, आणि इथे झालेला उशीर महागात पडतो. धावताना किंवा उडी मारताना तळपायात काही तुटल्यासारखे वाटून लगेच सूज आणि काळेनिळेपणा आला तर फॅशिया फाटलेली असू शकते. विश्रांतीत किंवा रात्री झोपेतून जागे करणारे दुखणे, ताप, टाचेवरची लाली, विनाकारण घटणारे वजन या गोष्टींना घरगुती उपायांवर सोडू नये. आठ ते चौदा वर्षांच्या मुलांची टाच दुखते तेव्हा कारण बहुधा हाडाच्या वाढणाऱ्या टोकाशी असते, त्यामुळे हा लेख त्यांच्यासाठी नाही. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी बर्फ, शेक किंवा नवा इनसोल (बुटात घालायचा आतला तळ) यांपैकी काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

पहिली पायरी: भार कमी करणे, पण पाय अंथरुणात न घालणे

पहिले दोन आठवडे दुखणे वाढवणारी गोष्ट ओळखून ती निम्म्यावर आणावी. धावणारा असेल तर त्याने धावणे थांबवून सायकल किंवा पोहणे निवडावे. उभ्याने काम करणाऱ्याने सलग उभे राहण्याचे तुकडे पाडावेत आणि प्रत्येक तासाला काही मिनिटे बसावे. फिरायला जाणाऱ्याने एका मोठ्या फेरीऐवजी दोन लहान फेऱ्या माराव्यात. पूर्ण विश्रांतीचा सल्ला मला पटत नाही, कारण भार न मिळालेली ऊती आणखी दुबळी होते आणि विश्रांती संपताच त्याच जागी तीच कळ परत येते.

किती दुखणे चालेल, याला एक साधे माप आहे. शून्य म्हणजे दुखत नाही आणि दहा म्हणजे असह्य, अशा मापावर हालचालीदरम्यानचे दुखणे तीन-चारपर्यंत राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या पावलाची कळ नेहमीपेक्षा वाढली नाही, तर कालचा भार योग्य होता असे समजावे. सकाळ वाईट गेली तर कालचे काहीतरी जास्त झाले. हा आकडा रोज वहीत लिहावा आणि निष्कर्ष मात्र आठवड्याच्या सरासरीवरून काढावा, कारण एका दिवसाची चढउतार माणसाला उगाच हुरळून टाकते किंवा खचवते.

दुसरी पायरी: पाऊल टेकवण्यापूर्वीचा ताण

हा व्यायाम सर्वांत सोपा आहे आणि माझ्या मते तो एकही सकाळ चुकवू नये. अंथरुणाच्या कडेवर बसून दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यावा. एका हाताने पायाची सगळी बोटे मुळापासून धरून नडगीच्या दिशेला ओढावीत, इतकी की कमानीत पट्टा तारेसारखा ताठ झालेला दुसऱ्या हाताच्या बोटांना लागेल. ताठ पट्टा हाताला लागत नसेल तर ओढ अपुरी आहे. दहापर्यंत मोजत धरून ठेवावे, सोडावे, आणि असे दहा वेळा करावे. दिवसातून तीनदा हा क्रम ठेवावा: पहिला सकाळी पाऊल टेकवण्यापूर्वी, आणि उरलेले दोन बराच वेळ बसून उठण्याच्या आधी.

डिजोव्हानी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठ आठवड्यांनंतर हा ताण केवळ पोटरीचा ताण करण्यापेक्षा सरस ठरला, विशेषतः सकाळच्या कळीच्या बाबतीत. तरीही पोटरीला वगळू नये, कारण आखडलेली पोटरी प्रत्येक पावलाला टाच लवकर उचलायला लावते आणि तो भार फॅशियावर जातो. भिंतीला हात टेकवून दुखरा पाय मागे ठेवावा, टाच जमिनीवर घट्ट राहू द्यावी, पाऊल सरळ पुढे रोखलेले असावे, आणि गुडघा ताठ ठेवून पुढे झुकावे. तीस सेकंद थांबून हेच गुडघा किंचित वाकवून पुन्हा करावे. गुडघा ताठ असताना पोटरीचा वरचा मोठा स्नायू ताणला जातो आणि वाकवल्यावर त्याच्या आतला खोल स्नायू, म्हणून दोन्ही प्रकार आवश्यक आहेत. प्रत्येकी तीन वेळा, दिवसातून दोनदा एवढे पुरे होते.

तिसरी पायरी: पायाखालचा आधार

या काळात घरात अनवाणी फिरणे बंद करावे. टाचेला किंचित उंची आणि कमानीला आधार देणारी, न मुडपणारी पादत्राणे अंथरुणाशेजारीच ठेवावीत, म्हणजे रात्री उठतानाही पाऊल थेट फरशीवर पडणार नाही. बूट हातात घेऊन पिळून पाहावा: तो मधोमध दुमडला जात असेल तर उपयोगाचा नाही, तो चवड्यापाशी वाकायला हवा.

तयार मिळणारे इनसोल आणि सिलिकॉनचे हील कप पहिल्या काही महिन्यांत थोडा आराम देतात. पायाचा साचा घेऊन बनवलेल्या महागड्या इनसोलचा मोह अनेकांना होतो, परंतु लँडॉर्फ आणि सहकाऱ्यांच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तयार इनसोल आणि मापाचे इनसोल यांच्या परिणामात फारसा फरक दिसला नाही, आणि वर्षअखेरीस दोन्हींचा फायदा तुलनेसाठी दिलेल्या, खरा आधार न देणाऱ्या नाममात्र इनसोलइतकाच उरला. तेव्हा सुरुवात तयार इनसोलपासूनच करावी. फिजिओथेरपिस्टकडून केलेले टेपिंग, म्हणजे तळपायाला चिकटपट्ट्या लावणे, हेही काही दिवसांचा आराम देते. टेपने बरे वाटले तर कमानीला आधार दिल्याचा उपयोग होईल, असा अंदाज त्यातून बांधता येतो.

चौथी पायरी: टाचेला पुन्हा बळ देणे

बहुतेक लोक ताणाच्या व्यायामापाशी थांबतात आणि तिथेच उपचार अर्धवट राहतो. पट्टा केवळ मोकळा करून भागत नाही. दिवसाकाठी काही हजार पावलांचा भार त्याला पेलायचा असतो, आणि ती क्षमता जड, सावकाश व्यायामानेच येते. डेन्मार्कमधील रॅथलेफ आणि सहकाऱ्यांनी ४८ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात या व्यायामाच्या गटाला तीन महिन्यांनी केवळ ताणाचा व्यायाम करणाऱ्यांपेक्षा लक्षणीय आराम मिळाला. वर्षाअखेरीस दोन्ही गट जवळपास सारखे झाले, हेही इथे सांगायला हवे. म्हणजे या व्यायामाचे मोल मुख्यतः लवकर बरे होण्यात आहे, आणि ज्याला रोज सकाळी लंगडावे लागते त्याच्यासाठी ते थोडके नाही.

व्यायाम असा करावा. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडा टेकवून उभे राहावे, तोल सांभाळण्यासाठी कठड्याला हात लावावा, आणि बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, म्हणजे बोटे वर वळलेली राहतील आणि वर सांगितलेली रहाटाची यंत्रणा पूर्णपणे कामाला लागेल. मग तीन सेकंदांत टाच वर न्यावी, वर दोन सेकंद थांबावे, आणि तीन सेकंदांत खाली आणावी. गती वाढवली की व्यायामाचा अर्धा उपयोग निघून जातो, म्हणून मनात मोजतच करावे. हा व्यायाम रोज करायचा नाही, एक दिवस सोडून करायचा आहे, कारण ऊतीची दुरुस्ती मधल्या दिवशी होते.

मूळ आराखड्यानुसार पहिले दोन आठवडे दुखऱ्या एका पायावर बारा-बारा वेळांचे तीन संच करावेत, आणि भार असा असावा की बाराव्या वेळी खरोखर शक्ती संपलेली असेल. त्यानंतर पाठीवरच्या पिशवीत पुस्तके भरून वजन वाढवावे आणि दहा-दहाचे चार संच करावेत. चार आठवड्यांनंतर वजन आणखी वाढवून आठ-आठचे पाच संच. वयस्कर, वजनदार किंवा फार दुखणाऱ्या व्यक्तीला एका पायावर पहिल्याच दिवशी हे जमणार नाही, आणि त्यात कमीपणा नाही. त्यांनी दोन्ही पायांवर, सपाट जमिनीवर, टॉवेलशिवाय सुरुवात करावी, मग टॉवेल घालावा, मग दोन्ही पायांनी वर जाऊन दुखऱ्या पायाने खाली यावे, आणि असे टप्प्याटप्प्याने एका पायावर पोहोचावे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दुखणे थोडे वाढल्यासारखे वाटते. वर दिलेले सकाळचे माप पाळले तर त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही, पण सकाळचा आकडा सलग तीन दिवस चढत राहिला तर एक पायरी मागे यावे.

या व्यायामाला किमान बारा आठवडे द्यावेत.

दुखणे तात्पुरते कमी करणारे उपाय

गोठवलेल्या पाण्याची बाटली पातळ कापडात गुंडाळून तिच्यावर तळपाय दहा मिनिटे फिरवल्याने संध्याकाळची ठणक शांत होते. वेदनाशामक गोळ्या थोड्या दिवसांसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतात. मूत्रपिंडाचा विकार, पोटातील अल्सर, गर्भारपण किंवा रक्त पातळ करणारी औषधे असल्यास त्या स्वतःहून घेऊ नयेत. रात्री पाऊल काटकोनात धरून ठेवणारा स्प्लिंट सकाळची कळ हट्टाने टिकून राहिल्यास वापरून पाहावा, मात्र त्यामुळे झोपमोड होत असेल तर तो सोडून देणे बरे.

तीन ते सहा महिन्यांनीही फरक नसेल तर

आधी प्रामाणिकपणे पाहावे की व्यायाम खरोखर सांगितलेल्या मात्रेत झाले का. झाले असतील तर निदानाची फेरतपासणी करून घ्यावी. त्यानंतर शॉकवेव्ह उपचाराचा विचार करता येतो; त्यात टाचेवर दाबाच्या लहरी सोडतात आणि बहुधा आठवड्याच्या अंतराने काही बैठका होतात. स्टिरॉईडच्या इंजेक्शनने अनेकांना झटपट आराम मिळतो, पण तो साधारणपणे काही आठवडे ते महिनाभर टिकतो, आणि त्यात फॅशिया फाटण्याचा तसेच टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो. ती गादी एकदा झिजली की तिची भरपाई करणे फार कठीण असते, म्हणून हे इंजेक्शन पहिल्याच भेटीत घेण्याची घाई करू नये, वारंवार तर मुळीच घेऊ नये, आणि घेतल्यास त्यानंतर काही आठवडे धावणे, उड्या मारणे टाळावे. फॅशिया अंशतः मोकळी करण्याची किंवा पोटरीची आखडण कमी करण्याची शस्त्रक्रिया फार थोड्या लोकांना लागते, आणि तिचा विषय साधारण वर्षभराच्या नेटाच्या उपचारांनंतरच निघायला हवा.

पूर्ववत होताना

सकाळच्या कळीची साप्ताहिक सरासरी दोनच्या खाली येऊन तीन-चार आठवडे तिथेच राहिली, की जुन्या कामाकडे परतायला सुरुवात करावी. धावणाऱ्याने एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे अशा तुकड्यांनी, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून आरंभ करावा. एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. अंतर वाढवले त्या आठवड्यात वेग आणि चढ तसेच राहू द्यावेत. टाच उचलण्याचा व्यायाम आठवड्यातून दोनदा आणखी सहा महिने चालू ठेवावा, कारण दुखणे थांबते तेव्हाही ऊतीची बांधणी पूर्ण झालेली नसते. मधेच एखाद्या सकाळी कळ परतली, तर त्या आठवड्याचा भार निम्मा करावा, अंथरुणाच्या कडेवरचा ताण दिवसातून तीनदा पुन्हा सुरू करावा, आणि आकडा पूर्वीच्या पातळीवर आल्यानंतरच पुढे सरकावे.